टीईटीत 84 गुण, हातात 8,000 पगार. आता कुठल्या दाराशी उभी राहू?

पत्र थोडक्यात असं आहे: "मी खानापूर तालुक्यातली, वय 27. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे बी.ए. (इतिहास, राज्यशास्त्र, मराठी) आणि बी.एड. सध्या एका खासगी इंग्रजी शाळेत महिना 8,000 वर शिकवते. पुढचं विचारलं की मुख्याध्यापक 'पुढे बघू' म्हणतात. कर्नाटक टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) दुसरा पेपर दिला, 84 गुण पडले. कन्नड बोलता येतं, वाचायला वेळ लागतो, लिहिताना चुका होतात. घरचे म्हणतात, महाराष्ट्रात अर्ज कर. मैत्रीण म्हणते, एम.ए. करून नेट दे. संध्याकाळी शिकवणी सुरू करावी असंही मनात येतं. कुठून सुरुवात करू?"

ताई,

आधी त्या 84 गुणांचं बघू. बाकीचे प्रश्न तिथेच अडलेत.

कर्नाटक टीईटीत 60 टक्के, म्हणजे 150 पैकी 90 लागतात. अनुसूचित जाती-जमाती, प्रवर्ग-1 आणि दिव्यांग उमेदवारांना 55 टक्के, म्हणजे 83 पुरतात. तुम्ही प्रवर्ग कळवलेला नाही. या सवलतीत बसत असाल तर 84 वर तुम्ही उत्तीर्णच आहात, तेव्हा अर्जात प्रवर्गाचा रकाना काय भरला होता ते आजच काढून बघा. मराठा असाल तर कर्नाटकात प्रवर्ग 3-ब, तिथे 90 च लागतात आणि तुम्ही सहा गुणांनी मागे आहात.

सहा गुण नेमके कुठे गेले ते शोधायला गुणपत्रिका समोर घ्या. दुसऱ्या पेपरात बालविकास व अध्यापनशास्त्र 30, पहिली भाषा 30, दुसरी भाषा 30 आणि समाजविज्ञान 60 असे भाग आहेत. तुमची पहिली भाषा मराठी आणि दुसरी कन्नड, असं धरून चालतो. मराठी माध्यमातल्या उमेदवाराला मराठीत 24-25 आणि बालविकासात 22 गुण फारशा धडपडीशिवाय मिळायला हवेत. कन्नडात 16 मिळाले तरी समाजविज्ञानात 60 पैकी 30 पुरतात. बेरीज 92-93 होते. म्हणजे कन्नडात पंडित व्हायची गरज नाही, 10-11 वरून 16 वर यायचं आहे. समाजविज्ञानात मात्र एक छुपा खड्डा आहे. तुम्ही इतिहास आणि राज्यशास्त्र मराठीतून वाचलंय. संज्ञा कन्नड किंवा इंग्रजीतून समोर आली की येणारं उत्तरही हुकतं. सहावी ते दहावीच्या समाजविज्ञानाच्या पुस्तकांतल्या दोनेकशे संज्ञा मराठी, कन्नड, इंग्रजी अशा तीन रकान्यांत लिहून काढा. भूगोल आणि अर्थशास्त्राच्या आधी लिहा, कारण पदवीला ते विषय तुमच्याकडे नव्हते. आणि चुकीला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही गोल रिकामा सोडू नका.

कन्नडासाठी क्लास लावायच्या आधी पाचवी ते आठवीची कन्नड पाठ्यपुस्तकं घ्या. कर्नाटक पाठ्यपुस्तक संघाच्या संकेतस्थळावर ती फुकट मिळतात. रोज 20 मिनिटं मोठ्याने वाचन आणि 20 मिनिटं श्रुतलेखन, एवढंच चार महिने. बाजारात बोलून येणारं कन्नड परीक्षेत फार पुढे नेत नाही, कारण मराठी माणूस चुकतो तो लिपीत. कन्नडात ए आणि ओ ह्रस्व-दीर्घ असे दोन-दोन आहेत. 'कोडु' ह्रस्व ओ घेऊन लिहिलं तर 'दे', दीर्घ घेऊन लिहिलं तर 'शिंग'. आपल्या कानाला दोन्ही एकच वाटतात. दुसरी अडचण ओत्तक्षरांची. जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन खाली लटकतं आणि काहींचं रूप मूळ अक्षरासारखं दिसतच नाही. कागुणित, म्हणजे कन्नड बाराखडी, पक्कं असूनही वाचनाचा वेग अडतो तो इथेच. आधी सगळी ओत्तक्षरं एका पानावर लिहून भिंतीला लावा, मगच उताऱ्यांकडे वळा.

टीईटी एकदा सुटली की सुटली. प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. पण ती नोकरी नव्हे, नोकरीच्या परीक्षेला बसायची पात्रता आहे. सहावी ते आठवीच्या पदवीधर शिक्षकांची भरती वेगळ्या स्पर्धा परीक्षेने होते. 2022 ची जाहिरात 15,000 पदांची होती आणि अशी जाहिरात दरवर्षी निघत नाही. जाहिरात आली की एकूण आकडा बघून हुरळू नका. पदं जिल्हानिहाय आणि विषयनिहाय फोडलेली असतात, आपल्या रांगेत किती ते मोजा. शिवाय राज्यघटनेच्या कलम 371-जे चं आरक्षण बिदर, कलबुर्गीकडच्या कल्याण कर्नाटकासाठी आहे, बेळगाव जिल्हा त्यात येत नाही. बेळगावकर उमेदवार तो रकाना चुकून भरतात आणि पडताळणीत अडकतात. पहिली ते पाचवीचा विचार सोडून द्या. 11 ऑगस्ट 2023 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तिथे बी.एड. चालत नाही, डी.एड.च लागतं.

आता महाराष्ट्र. घरचे म्हणतात त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. तिथे पहिली ते आठवीसाठी महाराष्ट्राची टीईटी किंवा केंद्राची सीटीईटी लागते. त्यावर अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, म्हणजे टेट, द्यावी लागते आणि पुढची निवड 'पवित्र' या शिक्षक भरतीच्या पोर्टलवरून होते. नववी-दहावीला टीईटी लागत नाही, टेट मात्र लागतेच. टीईटीत भाषा मराठी आणि इंग्रजी घेता येते, म्हणून आपल्या मुलांना ती सोपी वाटते. खरी चाळणी टेटची आहे: 200 प्रश्न, 120 मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला 36 सेकंद. ही परीक्षा 2017, 2023 आणि 2025 मध्ये झाली. मधली अंतरं बघा आणि तिच्या भरवशावर वर्ष मोकळं ठेवू नका. खुल्या प्रवर्गाला वयाची मर्यादा 38 आहे, तुम्हाला ती आज अडत नाही.

सीमाभागातल्या उमेदवाराला महाराष्ट्रात अर्ज करता येतो तो सामान्य प्रशासन विभागाच्या 10 जुलै 2008 च्या शासन निर्णयाच्या आधारावर. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या 865 गावांत 15 वर्षांचं वास्तव्य असल्याचा, ठरलेल्या नमुन्यातला दाखला त्यासाठी लागतो. गाव यादीत आहे का हे आधी तपासा. खानापूर तालुक्यातलं आहे म्हणजे असणारच, असं धरू नका. नमुना त्या-त्या जाहिरातीसोबतचाच वापरा. दाखल्याच्या मागे लागताना शाळा सोडल्याचा दाखला, घरची शिधापत्रिका आणि मतदार यादीचा उतारा अशी वर्षांची साखळी जोडून न्या, नाहीतर कचेरीत चार खेपा होतात. आणि कर्नाटकातलं जातीचं प्रमाणपत्र महाराष्ट्रात आपोआप आरक्षण देत नाही. जाहिरातीत स्पष्ट सवलत नसेल तर खुल्या प्रवर्गातूनच स्पर्धा आहे असं समजून अभ्यास करा.

निवड झालीच तर पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून जातात. मानधन प्राथमिकला 16,000, माध्यमिकला 18,000. नेमणूक चंदगड-गडहिंग्लजला मिळाली तर घर फार लांब पडणार नाही; कोकणात किंवा विदर्भात मिळाली तर भाडं, जेवण आणि गावी यायचा खर्च वजा जाता हातात काय उरतं ते आधीच कागदावर मांडा. आंतरजिल्हा बदलीला वर्षानुवर्षं लागतात. तरीही आमचं मत, जावं. तीन वर्षांनी नियमित वेतनश्रेणी मिळते आणि खासगी शाळेत ती कधीच मिळणार नाही.

दोन्ही राज्यांची तयारी एकदम करू का, असा प्रश्न तुम्हाला पुढे पडेलच. बालविकास व अध्यापनशास्त्र, मराठी आणि समाजविज्ञानाचा बराच भाग दोन्ही टीईटींना सामायिक आहे, तो एकदाच होतो. वेगळी उरतात ती इकडे कन्नड, तिकडे टेटची बुद्धिमत्ता. सकाळी एक तास सामायिक भागाला आणि संध्याकाळी 40 मिनिटं कन्नडाला द्या. बुद्धिमत्तेचे प्रश्न टेटची घोषणा होईपर्यंत आठवड्यातून दोनदाच, हातात वेग राहावा इतपत. सीटीईटीचा अर्जही भरा. तीत मराठी भाषा घेता येते आणि तिचं प्रमाणपत्र महाराष्ट्रात चालतं. केंद्रीय विद्यालयांचं दारही त्याने उघडतं. समाजविज्ञानाच्या शिक्षकाला तिथे पदवीला इतिहास किंवा भूगोल आणि सोबत आणखी एक सामाजिक शास्त्र लागतं. तुमच्या इतिहास-राज्यशास्त्राच्या जोडीने ती अट भागते. बेळगावातल्या केंद्रीय विद्यालयांत कंत्राटी शिक्षकांच्या थेट मुलाखती साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये होतात. मानधन खासगी शाळेच्या दुपटीहून जास्त असतं. मात्र वर्गात हिंदी आणि इंग्रजी दोन्हीतून शिकवता यावं लागतं, पाच-दहा मिनिटांचा नमुना पाठ घेतात आणि तो बहुतेकांचा फळ्यावर फसतो, कारण ते आशय सांगत बसतात आणि मुलांना प्रश्न विचारायचं विसरतात.

मैत्रिणीचा सल्ला चुकीचा नाही, घाईचा आहे. नेट किंवा सेट या महाविद्यालयात शिकवण्याच्या पात्रता परीक्षांना एम.ए.त 55 टक्के (राखीव प्रवर्गांना 50) लागतात, म्हणजे आजपासून दोन वर्षं तरी गेली. एम.ए. जरूर करा, राणी चन्नम्मा विद्यापीठातून किंवा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून, बी.एड.सोबत ते पीयू (अकरावी-बारावीच्या) कॉलेजच्या व्याख्याता पदालाही उपयोगी पडतं. पण विषय निवडताना इतिहास घ्यावा असं आम्हाला वाटतं. कर्नाटकात मराठी विषयाची पदवी महाविद्यालयं बोटांवर मोजण्याइतकी, आणि एक जागा रिकामी होईपर्यंत दहा वर्षं थांबावं लागतं. पुढे कधी परीक्षा दिलीच तर एवढं ध्यानात ठेवा की कर्नाटकाची के-सेट फक्त कर्नाटकात चालते, महाराष्ट्राची सेट महाराष्ट्रात आणि गोव्यात, आणि नेट सगळीकडे. ज्याचा एक पाय इकडे, एक तिकडे, त्याने नेटच द्यावी.

शिकवणीबद्दल एक अडचण आधी सांगायला हवी, कारण ती सहसा कुणी सांगत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 28 नुसार शाळेतल्या शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. गावोगावी घेतात हे आम्हालाही दिसतं. पण तक्रार झाली की व्यवस्थापन हात झटकतं, आणि तक्रार करणारा बहुतेक वेळा शेजारचा शिकवणीवालाच असतो. म्हणून शाळा की शिकवणी, हे एकदा ठरवावं लागेल.

तिसरी वाट अतिथी शिक्षकाची, आणि आम्हाला तुमच्यासाठी तीच आधी योग्य वाटते. शाळा उघडल्यावर जूनच्या सुमारास शिक्षण खातं रिकाम्या पदांवर अतिथी शिक्षक मंजूर करतं. निवड मुख्याध्यापक आणि एसडीएमसी, म्हणजे शाळेच्या विकास व देखरेख समितीच्या पातळीवर, गुण आणि पात्रता बघून होते. 2025-26 च्या अर्थसंकल्पात मानधन 2,000 रुपयांनी वाढलं, प्राथमिकला ते 12,000 च्या घरात गेलं. मानधन महिनोन् महिने थकतं, नेमणूक शैक्षणिक वर्षापुरती असते आणि मधेच बदलीने कायम शिक्षक आला तर घरी बसावं लागतं. हे तिन्ही गृहीत धरूनच हो म्हणा. मेच्या अखेरीस खानापूरच्या बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कार्यालयात जाऊन मराठी शाळांतल्या रिकाम्या जागांची विचारणा करा आणि एका बसच्या अंतरावरच्या तीन-चार शाळांच्या मुख्याध्यापकांना कागद दाखवून या. जांबोटी-कणकुंबीकडच्या शाळांत जागा लवकर मिळते, कारण पावसाळ्यात तिथे जायला कुणी तयार नसतं. बसच्या वेळा बघूनच होकार द्या.

ते जमलं नाही तर शिकवणी. हिशेब असा धरा. बारा मुलांच्या दोन तुकड्या, प्रत्येकी महिना 500 फी, म्हणजे 12,000. जागेचं भाडं 1,200, छपाई-झेरॉक्स 700, आणि दहा टक्के फी थकणारच असं धरून 1,200 वजा केले की 8,900 उरतात, तेही वर्षातले दहाच महिने, म्हणजे 89,000. तुमचा आजचा पगार बाराही महिने मिळत असेल तर 96,000 होतो. तेव्हा बारा-पंधरा मुलं जमली म्हणून नोकरी सोडू नका. 24 नावं आणि पहिल्या महिन्याची फी हातात आल्यावर राजीनामा लिहा. फी दर महिन्याच्या एक ते पाच तारखेला घ्यावी. ज्या घरात पैसा भाताच्या किंवा उसाच्या बिलावरच येतो, त्यांच्याशी दोन हप्ते ठरवून वहीत सही घ्या, नाहीतर मार्चमध्ये मागणं जड जातं.

शिकवायचं काय, हे फीपेक्षा महत्त्वाचं. सगळे विषय, सगळे वर्ग अशी पाटी लावली की आठवीतलं पोर आणि दहावीतलं पोर एकाच सतरंजीवर बसतं आणि दोघांचंही नुकसान होतं. तुम्ही दोन गोष्टी घ्या. पहिली, नवोदयच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेची तयारी. चिकोडी तालुक्यात कोथळीला जिल्ह्याचं नवोदय विद्यालय आहे, त्यामुळे पालकांना परीक्षा ठाऊक असते. तिथे 80 प्रश्न, 100 गुण, दोन तास. मानसिक क्षमतेचे 40, अंकगणिताचे 20 आणि भाषेचे 20 प्रश्न. पाचवीतल्या मुलाला आकृत्या जमतात, वेळ जमत नाही, म्हणून दर शनिवारी घड्याळ लावून अर्धा पेपर सोडवून घ्या. दुसरी, मराठी माध्यमाच्या दहावीच्या मुलांचं समाजविज्ञान, तुमच्याच तीन रकान्यांच्या वहीवरून. दहावी झाल्यावर ही मुलं पीयूसीला जातात आणि सगळं एकदम इंग्रजीत येतं. आदल्या वर्षी संज्ञा कानावरून गेलेल्या असतील तर पहिल्या चाचणीत ती बुजत नाहीत. विज्ञान शाखेला जाणाऱ्यांसाठी एप्रिल-मेमध्ये सहा आठवड्यांचा पूर्ववर्ग चालू शकतो, पण तो तुमच्या एकटीच्या आवाक्यातला नाही, बी.एस्सी. झालेली एखादी जोडीदार शोधा आणि फी निम्मी-निम्मी वाटून घ्या.

कन्नड शिकवण्यालाही मागणी आहे. 2015 च्या कायद्यानंतर माध्यम कुठलंही असो, राज्यातल्या शाळांत कन्नड शिकावंच लागतं. बेळगावच्या कॅम्प या लष्करी भागात आणि सांबऱ्याच्या हवाई दलाच्या तळावर बदलीवर येणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांना मराठी-हिंदीतून कन्नड समजावणारा माणूस हवा असतो, आणि ते ऑनलाइनही होतं. पण ते आधी तुम्हाला नीट लिहिता यायला हवं, म्हणजे पुढच्या वर्षीचं काम. टीईटी सुटल्यावर आणखी एक गिऱ्हाईक मिळेल. सर्वोच्च न्यायालयाच्या 1 सप्टेंबर 2025 च्या निकालाने पाच वर्षांहून जास्त सेवा उरलेल्या कार्यरत शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायला सांगितलंय. पंचेचाळिशीतले मास्तर आणि बाई बालविकासाची पुस्तकं शोधत फिरताहेत. त्यांना शिकवायला लहान मुलांइतकाच धीर लागतो, फी मात्र वेळेवर मिळते.

घरगुती वर्गाची संस्था व्हायला लागली तर कर्नाटक शिक्षण कायदा 1983 खाली शिकवणी संस्थांच्या नोंदणीची तरतूद आहे. फलक लावायच्या आधी बीईओ कार्यालयात विचारून घ्या. 'हमखास निवड' असं पत्रकावर छापू नका. एक मूल नापास झालं की तो कागद घेऊन पालक दारात उभे राहतात.

मुख्याध्यापक 'पुढे बघू' म्हणतात त्याला उत्तर कागदाने द्या. नेमणूक पत्र नसेल तर मागा. विषय, वर्ग आणि रुजू तारीख लिहिलेलं अनुभव प्रमाणपत्र वर्ष संपायच्या आत घ्या, सोडून गेल्यावर मिळत नाही. शाळेत 20 किंवा जास्त कर्मचारी असतील तर भविष्य निर्वाह निधी लागू होतो. तुमच्या पगारातून तो कापला जातोय का आणि तुमच्या खात्यात भरला जातोय का, हे पासबुकात बघा. एखाद्या अनुदानित संस्थेत 'जागा आहे, अमुक लाख आणा' असा निरोप आला तर पद मंजूर असल्याचा खात्याचा आदेश आधी मागा. पैसे देणं गुन्हा आहेच, शिवाय अशी बरीच पदं कागदावर नसतात आणि वेतन कधीच मंजूर होत नाही.

नावांचं काम एवढ्यातच उरकून घ्या. 1 नोव्हेंबर 2014 पासून जिल्ह्याचं अधिकृत नाव बेळगावी झालं. तुमच्या दहावीच्या कागदावर एक नाव असेल, आधारवर दुसरं. गावाचं स्पेलिंगही इंग्रजी, कन्नड आणि मराठीत वेगवेगळं पडतं. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर तिसरा फरक. पवित्र पोर्टल असो की कर्नाटकाची भरती, अर्जात नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणेच भरायचं, आणि फरकाचं प्रतिज्ञापत्र आत्ताच करून ठेवायचं. कागदपत्र पडताळणीची तारीख आल्यावर वकिलाकडे रांग लागलेली असते. दहावीच्या गुणपत्रिकेवर माध्यम नोंदलेलं नसेल तर शाळेकडून मराठी माध्यमाचा दाखला लेटरहेडवर घ्या, आणि तो मार्चच्या आत, कारण एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यानंतर शाळेत सही करायला कुणी भेटत नाही.